पासोडी, पट्टी आणि पडदा

अंबाजोगाईला दासोपंतांची पासोडी आहे. आमच्या बीड जिल्ह्यात जन्मून जिच्याविषयी काहीच ऐकले नाही असा माणूस विरळा. सुमारे चाळीस फूट लांब आणि चार फूट रुंद असे ते कापड, आणि त्यावर दासोपंतांनी आपल्या हाताने उतरविलेले 'पंचीकरण'. दासोपंतांचा काळ १५५१ ते १६१५. याच पुरुषाने गीतेवर 'गीतार्णव' रचला, आणि त्याच्या ओव्या परंपरेने सव्वा लाख मानल्या जातात. एवढे लिहिणाऱ्याला कागद कोठून पुरणार, म्हणून त्याने अंगावरची पासोडीच पुढे ओढली असेल, अशी थट्टा आम्ही शाळकरी वयात करीत असू. पण कापडाचा एक गुण मला आता वयाच्या चाळिशीनंतर कळू लागला आहे. लिहिणाऱ्याचा हात जितक्या वेगाने चालेल तितक्याच वेगाने कापड अक्षरे घेते. जागा संपली तर ती संपल्याचे डोळ्यांना दिसते. अक्षर उमटल्याचे दाखवायचे आणि आतल्या आत ते गिळून टाकायचे, ही लबाडी कापडाला ठाऊक नाही.

ती लबाडी ज्याला ठाऊक आहे अशा एका यंत्राची ही हकीकत आहे. वाचकहो, घाबरू नका. दिवाळीच्या फराळाबरोबर वाचता येईल इतपतच ती मी सांगणार आहे.

संगणकाच्या पडद्यावर 'टर्मिनल' नावाची एक खिडकी असते. तीत चित्रे नाहीत, दाबायची रंगीत बटणे नाहीत. अक्षरांनी आज्ञा द्यायची आणि अक्षरांनीच उत्तर घ्यायचे, असा तिचा कोरडा व्यवहार. संगणकाची जाणकार मंडळी मात्र आपले खरे काम याच खिडकीत करतात. आमच्या तालुक्याच्या गावी माझा एक जुना विद्यार्थी संगणकाचे छोटे दुकान चालवितो. माझ्या कादंबरीची प्रकरणे मी फोनवर टंकून ठेवली होती; ती एकत्र करून त्यांची नीट जुळणी करण्याचे काम त्याने हौसेने अंगावर घेतले. त्याच्या दुकानातील यंत्र 'लिनक्स' पद्धतीचे. त्याने टर्मिनलमध्ये 'कॅट' नावाची आज्ञा दिली (आलेला मजकूर जसाच्या तसा फायलीत ठेव, एवढेच तिचे काम) आणि माझे एक अख्खे प्रकरण उचलून तेथे ओतले. इंग्रजीत याला पेस्ट करणे म्हणतात. मला ओतणे हाच शब्द बरा वाटतो. पडद्यावरून अक्षरे झरझर वाहून गेली. सगळे गेले असे आम्हा दोघांनाही दिसले.

दुसऱ्या दिवशी फाईल उघडली तर छोटे परिच्छेद शाबूत होते आणि मोठ्या परिच्छेदांची शेपटे गायब होती. मला लांब परिच्छेद लिहिण्याची खोड आहे. त्या प्रकरणात एक म्हातारी मरते, आणि तिचे मरण एका लांबलचक परिच्छेदाच्या शेवटी येते. फाईलमधली म्हातारी अंगणात तुळशीला पाणी घालीत उभी होती आणि तिच्या हातातील तांब्याच्या 'तां'नंतर एक काळी चौकट होती, तिच्यात प्रश्नचिन्ह. पुढच्या परिच्छेदात तिचे दिवस घालीत होते. मूळ प्रत फोनवर होती म्हणून म्हातारीला सुखाने मरता आले. परंतु ज्याची मूळ प्रत राहिली नसेल त्याचे काय, हा विचार मनातून जाईना. त्या मुलाने चार दिवस खटपट करून कारण शोधले, आणि ते मला सांगता सांगता दीडशे वर्षांचा एक इतिहासच उलगडत गेला.

या इतिहासाचे मूळ तारेत आहे. तारबाबू कट्टकड करून संदेश पाठवी तेव्हा पलीकडचा बाबू तो कानांनी ऐकून हाताने लिहून घेई. पाठविणारा चपळ आणि घेणारा मंद असला तर काय करायचे? त्यासाठी तारेच्या भाषेत ठरीव खुणा होत्या. एक खूण 'जरा थांब' अशी, दुसरी 'आता चालू दे' अशी. आमच्या शेतात हीच रीत होती. मोटेचे पाणी पाटाने येई. दारे धरणारा वाफ्यापाशी उभा असे. वाफा भरला की तो ओरडे, मोट हाकणारा बैल थांबवी. ओरडणारा नसेल तर पाणी बांध फोडून शेजाऱ्याच्या रानात जाणार, हे सांगावयास शास्त्रज्ञ नको.

पुढे माणसाच्या जागी यंत्र आले. फ्रान्समधील एमिल बोदो याने १८७४ साली आपल्या छापणाऱ्या तारयंत्राचे पेटंट घेतले. त्यात प्रत्येक अक्षराला पाच खुणांचा सारखा संकेत होता. वेग मोजण्याचे 'बॉड' हे एकक त्याच्याच नावावरून आले. त्यातून कालांतराने टेलिप्रिंटर निघाला: इकडे बोटाने कळ दाबली की तिकडे कागदावर अक्षर उमटते. टेलिप्रिंटरला जोडून एक कागदी पट्टी असे. मजकूर आधी सावकाश टंकून त्या पट्टीवर भोके पाडून ठेवायची, आणि मग पट्टी वाचकयंत्रात घालून सारा मजकूर एकदम सोडून द्यायचा. तारेचा वेळ महाग, माणसाची बोटे मंद, म्हणून ही युक्ती. आधी तयार केलेला मजकूर एका दमात ओतणे, म्हणजेच आजचे पेस्ट करणे, ते हेच. फक्त तेव्हा त्याला लांबी होती, हातात धरता येत होते.

१९६३ साली अमेरिकेतील टेलिटाइप कंपनीचे 'मॉडेल ३३' बाजारात आले. त्याच वर्षी 'आस्की' नावाचा अक्षरसंकेत प्रमाण म्हणून जाहीर झाला. हे यंत्र सेकंदाला दहा अक्षरे छापी. ओळ संपली की छापणारा भाग डाव्या कडेला परत येण्यास त्याला दोन अक्षरांचा वेळ लागे, म्हणून ओळीच्या अखेरीस 'परत फीर' आणि 'खाली सरक' असे दोन संकेत पाठवीत, एवढ्यात ते डाव्या कडेला पोचे. आता या यंत्राला पट्टी जोडलेली, आणि तारेच्या दुसऱ्या टोकाला माणूस नव्हे, संगणक. संगणकाला विचार करायला क्षणभर थांबायचे असेल तर पट्टीला कोण थांबविणार? त्यासाठी आस्कीत सतरावा आणि एकोणिसावा असे दोन संकेत वापरात आले. सतरावा आला की पट्टी चालू, एकोणिसावा आला की बंद. क्यू हे इंग्रजी वर्णमालेतील सतरावे अक्षर आणि एस हे एकोणिसावे; म्हणून कंट्रोलची कळ दाबून क्यू म्हटले की चालू, एस म्हटले की बंद. दारे धरणाऱ्याच्या दोन आरोळ्या अशा रीतीने कळफलकावर येऊन बसल्या.

त्या अजून तेथेच आहेत. लेखकमंडळींना दर दोन मिनिटांनी कंट्रोल-एस दाबून लिखाण जपून ठेवण्याची सवय असते. तीच कळ सवयीने टर्मिनलमध्ये दाबली की पडदा दगडासारखा थिजतो. काही टंकले तरी दिसत नाही. यंत्र बिघडले म्हणून लोक ते बंद करून पुन्हा चालू करतात आणि अर्धवट काम घालवितात. यंत्र बिघडलेले नसते. साठ वर्षांपूर्वी पट्टीला दिलेली थांबण्याची आज्ञा ते इमानाने पाळीत असते. कंट्रोल-क्यू दाबावे, अडलेले सारे वाहून येते.

१९६९ पासून अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत केन टॉम्पसन आणि डेनिस रिची यांनी 'युनिक्स' नावाची यंत्रणा उभी केली. तिच्याशी बोलण्यास हीच टेलिटाइप यंत्रे होती. टेलिटाइपचे लघुरूप टीटीवाय. आणि टर्मिनलची मांडणी बदलण्याची जी आज्ञा सत्तरच्या दशकाच्या आरंभी तयार झाली तिचे नाव एसटीटीवाय, म्हणजे टीटीवायची जुळणी. आज ना ते यंत्र उरले ना ती पट्टी, पण अगदी नव्या संगणकातही मांडणी दुरुस्त करायची तर त्या मेलेल्या यंत्राच्याच नावाने हाक मारावी लागते. आमच्याकडे घर पाडून नवे बांधले तरी त्याला 'पाटलाचा वाडा' म्हणतात, तसेच हे.

युनिक्सने एक शहाणपणाची सोय केली होती, आणि माझ्या म्हातारीचा घात तिनेच केला. टंकताना माणूस चुकतो, मागे जाऊन खोडतो. म्हणून यंत्रणा अक्षरे आल्या आल्या पुढे पाठवीत नाही; एक ओळ पुरी होईपर्यंत ती आपल्यापाशी एका पात्रात धरून ठेवते, आणि आपण ओळ संपविली की मग सबंध ओळ आत देते. या रीतीला 'कॅनॉनिकल' म्हणजे नियमबद्ध रीत म्हणतात. आता पात्र म्हटले की त्याला मापही आले. आपल्या घरचा चकलीचा सोऱ्या जसा. पीठ कितीही मळलेले असो, एका वेळी मावेल तेवढेच त्यात जाते. जुन्या युनिक्समध्ये हे माप २५६ बाइटांचे होते. बाइट म्हणजे संगणकाच्या कोठारातील एक खण. हाताने टंकणारा एका ओळीत अडीचशेहून अधिक अक्षरे कशाला टंकील, असा हिशेब. लिनस टॉरवाल्ड्स या फिनलंडच्या विद्यार्थ्याने १९९१ साली लिनक्स रचले. त्याची सुरुवात, मोठी गंमत आहे, विद्यापीठाच्या संगणकाशी घरून बोलता यावे म्हणून लिहिलेल्या एका टर्मिनलपासूनच झाली होती. त्या लिनक्समध्ये आज हे माप ४०९६ बाइटांचे आहे. त्यातला एक खण ओळ संपल्याच्या खुणेला राखलेला, उरले ४०९५.

मी मास्तर असल्यामुळे येथे गणित करून पाहिले. भोकांच्या पट्टीवर एका इंचात दहा अक्षरे बसत. म्हणजे ४०९६ अक्षरांची पट्टी सुमारे चौतीस फूट लांब होईल. दासोपंतांच्या पासोडीहून सहा फुटांनी आखूड! आणि पासोडीवर एकाखाली एक कितीतरी ओळी आहेत, पट्टीवर एकच.

त्या ४०९५ खणांच्या पुढे जे येते त्याचे काय होते, हा खरा मुद्दा. लिनक्स ते टाकून देते. ओळ संपल्याची खूण येईपर्यंत जे जे येईल ते सर्व टाकून देते. आणि टाकून देत असतानाही पडद्यावर मात्र दाखवीत राहते, कारण पडद्यावर दाखविणे आणि पात्रात भरणे ही दोन वेगळी कामे आहेत व पहिले अव्याहत चालूच असते. म्हणून आम्हा दोघांना सगळे गेल्याचे दिसले. पडदा खरे बोलत होता आणि फाईलही खरे बोलत होती. मॅक जातीच्या संगणकावर हे माप त्याहून लहान, १०२४ बाइटांचे आहे. लांब ओळीने तेथेही हाच प्रसंग येतो. फक्त ते यंत्र घंटा वाजवून कुरकुर तरी करते.

येथपर्यंतचे दुःख इंग्रजाचे आणि मराठ्याचे सारखेच. पण पुढे आपले दुःख तिप्पट होते, आणि ते का होते हे मराठी वाचकाला ठाऊक असावयास हवे. आस्कीत इंग्रजी अक्षराला एक बाइट पुरतो. देवनागरीला त्यात जागाच नव्हती. ती जागा मिळवून देण्याचा एक मोठा उद्योग आपल्याकडे झाला. कानपूरच्या आयआयटीत ऐंशीच्या दशकात त्याचा पाया घातला गेला, आणि १९८८ साली पुण्यास सी-डॅक ही संस्था स्थापन झाल्यावर 'जिस्ट' या नावाने तो तेथे वाढला. मोहन तांबे यांचे नाव त्या कामाशी निगडित आहे. संगणकात बसविण्याची जिस्टची पाटी निघाली, भारतीय लिप्या दाखविणारी टर्मिनलेही निघाली. १९९१ साली 'इस्की' हा भारतीय अक्षरसंकेत प्रमाण म्हणून प्रसिद्ध झाला. त्यात आपल्या अक्षराला, मात्रेला, अनुस्वाराला प्रत्येकी एकच बाइट लागे.

त्याच १९९१ साली जगातील सर्व लिप्यांना एका छपराखाली आणणाऱ्या 'युनिकोड'ची पहिली आवृत्ती निघाली. तीत देवनागरीची मांडणी इस्कीच्या आधीच्या आराखड्यावरूनच घेतली होती. पण लिप्या इतक्या झाल्या की एका बाइटात संकेत मावेनात. ते बाइटांत कसे भरावे याची आज जगभर चालणारी रीत, 'यूटीएफ-८', केन टॉम्पसन आणि रॉब पाइक यांनी सप्टेंबर १९९२ मध्ये न्यू जर्सीतील एका खानावळीत, ताटाखालच्या कागदावर आखली. टॉम्पसन म्हणजे युनिक्सवाला तोच. या रीतीत इंग्रजी अक्षराला पूर्वीसारखा एकच बाइट आणि देवनागरी अक्षराला तीन. अन्याय म्हणून कोणी केला नाही. जुने इंग्रजी मजकूर जसेच्या तसे चालावेत ही त्यांची अट होती आणि ती योग्यच होती. पण परिणाम पाहा. अंबाजोगाई हे नाव इंग्रजीत लिहिले तर नऊ अक्षरे, नऊ बाइट. मराठीत अ, अनुस्वार, ब, काना, ज, ओकार, ग, काना, ई अशा नऊच खुणा होतात, पण बाइट सत्तावीस. ४०९५ ला तिनाने भागा: १३६५. इंग्रजी लेखकाला एका ओळीत चार हजारांवर अक्षरे मिळतात, मराठी लेखकाला शब्दांतील मोकळ्या जागा धरून जेमतेम दोनशे शब्द. दोनशे शब्दांत माझी म्हातारी तुळशीपर्यंतच पोचते.

ती काळी चौकटही येथूनच आली. मोकळी जागा एक बाइटाची, अक्षर तीन बाइटांचे. त्यामुळे ४०९५ वी मर्यादा एखाद्या अक्षराच्या पोटात येऊन पडू शकते. तीनातला एक तुकडा आत, दोन बाहेर. अर्ध्या अक्षराची आपल्याला सवय आहे, पण हे एकतृतीयांश अक्षर कोणत्याही बाराखडीत नाही. हीच खोड खोडण्याच्या कळेतही होती: कळ एकदा दाबली की तीन बाइटांतला एकच पुसला जाई आणि उरलेले दोन भुतासारखे मागे राहत. त्यावर २००४ साली लिनक्समध्ये 'आययूटीएफ८' नावाची एक जुळणी आली. ती चालू असली की यंत्रणा अख्खे अक्षर पुसते. नव्या यंत्रात बहुधा ती चालूच असते. दूरच्या संगणकाशी जोडणी केल्यावर मराठी खोडताना कचरा दिसू लागला तर प्रथम तिच्याकडे पाहावे.

वेगाचे दुखणेही अजून सर्वस्वी गेलेले नाही. १९७८ साली डिजिटल कंपनीचे 'व्हीटी १००' हे पडद्याचे टर्मिनल निघाले. त्याच्यापाशी चौसष्ट अक्षरांची ओंजळ होती आणि ती अर्धी भरली की ते संगणकाला एकोणिसावा संकेत, म्हणजे 'थांब', पाठवी. आजही एखाद्या उपकरणाशी जुन्या पद्धतीच्या तारेने बोलताना मोठा मजकूर ओतला तर मधली मधली अक्षरे गळतात. शेपूट नव्हे, दात पडल्यासारखी जागोजाग. तसे झाले की समजावे, येथे दारे धरणारा नाही. 'आयएक्सऑफ' ही जुळणी चालू केली की घेणारे यंत्र ओंजळ भरताच 'थांब' म्हणू लागते. (या नावात 'ऑफ' आहे म्हणून ती बंद करू नये. नावे ठेवणाऱ्यांना कोणी मास्तर भेटला नसावा.) पलीकडचे उपकरण ही आरोळी ऐकत नसेल तर पाठविणाऱ्या टर्मिनलमध्ये प्रत्येक ओळीनंतर थोडा विराम घालण्याची सोय असते, ती वापरावी.

आणखी एक भानगड अर्थाची. मजकूर कापणे, उचलणे, चिकटविणे ही कल्पना सत्तरच्या दशकात झेरॉक्स कंपनीच्या पालो आल्टो येथील प्रयोगशाळेत लॅरी टेस्लर आणि टिम मॉट यांनी रुजविली. पण टर्मिनलला ती कधी कळलीच नाही. त्याच्या लेखी ओतलेला मजकूर म्हणजे विलक्षण वेगाने टंकणारा माणूस. त्यामुळे मजकुरात जेथे ओळ संपते तेथे ते 'एंटर' दाबले असे समजून ती ओळ आज्ञा म्हणून चालवू लागते. उतारा नव्हे, हुकूमच. पुढे यावर तोड निघाली. ओतलेल्या मजकुराच्या आधी एक खूण, २०० आकड्याची, आणि नंतर एक खूण, २०१ आकड्याची. या दोन कंसांतले जे आहे ते कोणी टंकलेले नाही, बाहेरून आणलेले आहे, हे यंत्राला कळते. 'बॅश' या प्रचलित आज्ञावाचकात डिसेंबर २०२० पासून ही सोय आपसूक चालू झाली. शिवाय बॅश स्वतःच्या प्रॉम्प्टवर अक्षरे एकेक करून घेतो, त्यामुळे तेथे ४०९५ ची अडचण येत नाही. ती येते 'कॅट'सारख्या साध्या आज्ञेपाशी, जिला यंत्रणेने धरून ठेवलेली ओळच मिळते.

माझ्या विद्यार्थ्याने शेवटी केले ते असे. एसटीटीवाय लिहून, जागा सोडून, उणे चिन्ह आणि त्याला लागून 'आयकॅनॉन'. म्हणजे ओळ धरून ठेवण्याची रीत तात्पुरती बंद, आलेले अक्षर लगेच आत. मग कॅट, मग प्रकरण ओतले. या स्थितीत मजकूर संपल्याची नेहमीची कंट्रोल-डी ही खूण चालत नाही, म्हणून कंट्रोल-सी दाबून बाहेर यायचे. तोवर आलेले सारे फायलीत गेलेले असते. शेवटी एसटीटीवाय आणि 'सेन', की मांडणी पूर्ववत शहाणी झाली. ज्याला एवढा खटाटोप नको त्याने लांब परिच्छेद आधीच लहान ओळींत तोडावेत, किंवा टर्मिनलमध्ये न ओतता सबंध फाईलच पेनड्राइव्हने न्यावी. तीच सगळ्यांत बिनधोक वाट आहे असे माझे मत, पण तरुण माणसाला ती वाट म्हणजे हार वाटते.

एक गोष्ट मात्र मी त्याच्याकडून दर प्रकरणाला करवून घेतली. 'डब्ल्यूसी' नावाची एक आज्ञा आहे. ती फाईलमधले शब्द, अक्षरे आणि बाइट वेगवेगळे मोजून देते. माझ्या फोनवरची मूळ प्रत त्याच्या यंत्रात वेगळी उतरवून घेतली, आणि ओतलेल्या प्रतीशेजारी तिचे आकडे मांडले. पडद्यावर काय दिसले ते विचारायचे नाही. दोन्हीकडचे आकडे जुळले तरच पुढचे प्रकरण घ्यायचे. पहिल्या वेळचे आकडे त्याने मला आधी दाखविले, मग जुळणीनंतरचे. ते जुळल्यावर त्याने म्हातारीचा परिच्छेद पडद्यावर काढला आणि शेवटच्या ओळीपर्यंत मोठ्याने वाचला. दुकानात झेरॉक्स काढावयास आलेली एक बाई ऐकत उभी राहिली आणि पैसे द्यायचे विसरून निघाली, ते तिला परत बोलावून घ्यावे लागले.